खोली नंबर चार

यातलं एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो शैलेश आजही नवीन पनवेलात राहतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचून झाल्यावर ठरवा.

तारीख होती अठरा मे २०१४. वार रविवार. आणि रात्र वगैरे काही नव्हती. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं, दुपारचे सव्वातीन वाजले होते.

ठिकाण, पळस्प्याच्या पुढे मासळीचं एक कोल्ड स्टोरेज.

तिथल्या सहाही खोल्यांत शैलेशने बसवलेले बॉक्स होते. छोटा स्क्रीन, खाली लाल बटण. फोन लावून ठेवावा आणि कोणीच तो कापू नये, तशी प्रत्येक बॉक्सची ऑफिसातल्या सर्व्हरशी लाइन चोवीस तास चालू. दोन्हीकडून कधीही बोलता यायचं. दर तीस सेकंदांनी सर्व्हर विचारायचा, आहेस का? बॉक्स उत्तर द्यायचा, आहे. तेवढ्यापुरता हिरवा ठिपका लुकलुकायचा.

आत कोणी अडकलं तर लाल बटण दाबायचं. लगेच स्क्रीनवर अक्षरं यायची...

"निरोप मिळाला. थांबा."

हे शब्द शैलेशनेच लिहिलेले. पण त्यातली मेख त्यालाच ठाऊक होती. निरोप मिळाला म्हणजे फक्त मिळाला. मॅनेजरला फोन करायचं काम मागे वेगळ्या रांगेत पडायचं आणि सवडीने व्हायचं. लाइन अडकून राहू नये म्हणून अशीच पद्धत असते. पोचपावती आधी, काम नंतर.

फेब्रुवारीत त्याचं टेस्टिंग चाललं होतं. मॅनेजर कृष्णकांत खोट्या फोनांनी वैतागला, म्हणून शैलेशने ती रांग बंद करून ठेवली.

आणि चालू करायला विसरला.

त्याच आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी बुधाजी चार नंबरच्या खोलीत अडकला. दाराची आतली कडी तुटलेली होती. बुधाजी हा तिथला जुना कामगार, शिरढोणजवळच्या पाड्यावरचा. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा तो उलट्या क्रेटवर बसल्या जागी गोठून गेलेला होता. बॉक्सकडे तोंड करून.

कृष्णकांतने सगळ्यांना सांगितलं, दारू पिऊन आत झोपला. दोन दिवस गेटवर असलेला काळूराम वॉचमनही म्हणाला, आतून काही आवाज आला नाही.

बुधाजीची बायको गंगाबाई ऑफिसात येऊन एकच विचारत राहिली. "माजा मानूस दारूला कदी शिवला नाय. अडकला तर दार वाजवंल, बोंबलंल. गप कसा बसंल तो? सांगा ना, गप कसा बसला?"

शैलेश तिथेच खुर्चीवर होता. मान खाली घालून.

त्याला उत्तर माहीत होतं. रांगेत निरोप पडून होता, क्रमांक चारशे सतरा. बुधाजीने बटण दाबलं होतं. एकदाच. 'थांबा' असं आलं, म्हणून बिचारा थांबला.

शैलेशने चारशे सतरा पुसला. मग रांग चालू केली. आणि तोंडाला कुलूप लावलं.

आता तो निरोप फक्त चार नंबरच्या बॉक्समध्ये उरला होता. तीन महिने असेच गेले आणि मे महिन्यात कळलं, सोमवारी चौकशीची माणसं बॉक्स तपासायला येणार आहेत. म्हणून हे साहेब रविवारी दुपारी, कामगार नसताना, किल्ल्या मागून तिथे हजर.

कडी नवीन बसवली आहे असं कृष्णकांतने सांगितलं होतं. तरी शैलेशने दारात मासळीचं रिकामं क्रेट अडकवलं. आत उणे अठरा. अंगात नुसता टी-शर्ट. पाच मिनिटांचं तर काम, म्हणाला.

त्याने बॉक्स भिंतीवरून उतरवला. वायरी ओढून काढल्या. स्क्रीन काळा झाला.

मागे काहीतरी घासलं...

आणि दार बंद झालं. आपटलं नाही. कोणी हाताने लोटावं तसं सावकाश बंद झालं.

त्याने धावत जाऊन कडी ओढली. कडी तीच होती. तुटलेली.

मोबाइलला रेंज नव्हती. त्याने दार बडवलं, काळूरामला हाका मारल्या, घसा बसेपर्यंत ओरडला. एवढ्या जाड दारातून आवाज बाहेर जातोय कशाला! मदत मागायचं एकमेव यंत्र त्याने स्वतःच उखडून काढलं होतं.

बोटं बधिर व्हायला लागली. दात वाजायला लागले. तो मागे वळला...

क्रेट दारात नव्हतं.

ते बॉक्सच्या रिकाम्या जागेसमोर होतं. उलटं घातलेलं. बसायला घालतात तसं.

आणि तेवढ्यात हातातला बॉक्स उजळला. वायरी खाली लोंबत होत्या, एकही कुठे जोडलेली नव्हती.

"निरोप मिळाला. थांबा."

त्याने बटणाला हातही लावला नव्हता.

हिरवा ठिपका लुकलुकला. तीस सेकंद गेले. पुन्हा लुकलुकला. पलीकडून कोणीतरी विचारत होतं, आहेस का? आणि हा बॉक्स उत्तर देत होता, आहे.

या शब्दांवर भरवसा ठेवायचा नसतो, हे साऱ्या जगात एकट्या शैलेशला पक्कं माहीत होतं. तरी त्याची नजर तिथून हलेना. बुधाजीनेही असंच बघत बसून काढले असतील... किती तास?

त्याला रडू फुटलं.

"बुधाजी, माझी चूक झाली रे! तुझा निरोप आला होता. मीच पुसला. गंगाबाईंना सांगतो. सगळं सांगतो. आईशप्पथ सांगतो!"

स्क्रीन काळा झाला.

मग एकेक अक्षर उमटलं...

"मिळाला."

थोड्या वेळाने खाली दुसरी ओळ आली.

"थांबलो हाय."

शैलेशने असलं वाक्य कधीच लिहिलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा चार वाजायला आले होते. समोर कृष्णकांत, बनियनवर, घामाने निथळत, पांढराफटक पडलेला. तो नाक्याजवळच राहायचा, झोपेतून उठून आला होता.

"अरे, तुझ्या सिस्टमचा फोन आला. खोली नंबर चार, माणूस आत आहे. मला वाटलं पुन्हा तुझं टेस्टिंग. पण तीनदा आला रे!"

"निरोपाचा नंबर... नंबर काय सांगितला?"

"चारशे सतरा."

शैलेशने त्याच दिवशी सर्व्हर पाहिला. दुपारी कुठल्याही खोलीतून निरोप आल्याची नोंद नव्हती. फोन गेल्याचीही नव्हती. फक्त चार नंबरची लाइन चालू दिसत होती. ती त्याने हाताने तोडली. पुन्हा जोडली गेली. सर्व्हर बंद केला, तरी बॉक्सवरचा ठिपका चालूच.

बॉक्स त्याने चौकशीवाल्यांना दिलाच नाही. हरवला म्हणाला.

पुढच्या रविवारी तो शिरढोणला गेला. पाड्यावर गंगाबाई दारात सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "कोन पायजे?"

"कोणी नाही," म्हणाला आणि बाइक वळवली.

त्यानंतर तो चार वेळा गेला. चारही वेळा तसाच परतला. नोकरी सोडली, दुसरी धरली. बॉक्स घरात माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. फेकायचं धाडस होत नाही. त्याची बायको मोनाली मध्ये एकदा म्हणाली, "अहो, माळ्यावर काय चार्जिंगला लावलंय? चादरीतून हिरवं काहीतरी चमकतंय."

तिलाही त्याने खरं सांगितलेलं नाही.

गंगाबाई आता थकल्यात. पाड्यावर कोणी भेटायला आलं की अजूनही तेच विचारतात, गप कसा बसला तो?

शैलेश अधूनमधून स्टुलावर चढून चादर बाजूला करतो. अक्षरं बदलली असतील, या आशेने.

"थांबलो हाय."