रंगनाथ मास्तरांचा टेनर

दुपारी जेवणासाठी क्लिनिकचं शटर अर्धं ओढलं होतं. त्याखालून आधी एक भलीमोठी काळी पेटी आत सरकली आणि मग तिच्यामागून, वाकून, एक माणूस.

"जेवायची वेळ आहे," हर्षाली म्हणाली.

"मी जेवणावरूनच उठून आलोय, डॉक्टर." त्याने तोंडावर रुमाल दाबून धरला होता. "म्हणजे... जेवणानेच आणलंय."

रुमाल बाजूला झाला. वरच्या ओळीतला समोरचा दात कोपऱ्यातून मोडला होता.

"काय खाल्लंत?"

"भात."

नाशिकच्या कॉलेज रोडवर दवाखाना टाकल्यापासून डॉक्टर हर्षाली आहेरने सुपारीने मोडलेले दात पाहिले होते, उसाने मोडलेले पाहिले होते. भाताने मोडलेला दात मात्र पहिलाच.

"खडा होता," तो ओशाळून म्हणाला. "मित्राकडे जेवत होतो. आणि तांदूळ... आमच्याच गिरणीचा."

मास्कआड हसू लपतं असा हर्षालीचा समज होता. डोळे सगळं सांगून टाकतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"हसा, हसा," तो म्हणाला.

त्याचं नाव वाल्मीक भोर. घोटीला वडिलांची भाताची गिरणी होती आणि आता तोच ती बघायचा.

"वाल्मीक? हल्ली कोण ठेवतं असं नाव?"

"आजीने ठेवलं. पण हा खडा गावात कळला, तर लोक परत वाल्याच म्हणायला लागतील."

तिने त्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला. तो छताकडे बघत राहिला, अगदी शहाण्या मुलासारखा. फक्त तिची बोटं ओठाला लागली तेव्हा त्याच्या पापण्या एकदा फडफडल्या... आणि तिचीही बोटं क्षणभर थांबली. उगाचच.

"दात थोडा हललाय. कोपरा मी बांधून देते. पण आठवडाभर त्याच्यावर जोर नको."

तो ताडकन उठून बसला. "रविवारी मला वाजवायचंय."

त्याने पेटी उघडली. आत सोनेरी, जागोजागी रंग उडालेला सॅक्सोफोन होता, लग्नाच्या बँडमध्ये असतो त्याहून बराच मोठा. हाच टेनर. तोंडात धरायचा काळा भाग त्याने तिला दाखवला. त्यावर वरच्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या, सगळा भार तिथेच यायचा.

दात बांधून झाला तशी हर्षाली म्हणाली, "इथेच वाजवा. किती जोर पडतो ते मला बघू दे."

"इथे?"

"दात माझ्या जबाबदारीवर आहे."

त्याने वाजवलं. हर्षालीला वाटलं होतं, वरातीसारखं काहीतरी कानात घुसेल. पण खोलीत आला तो एक जाडाभरडा, ऊबदार आवाज – थोरल्या माणसाने शेजारी बसून हळूच बोलावं तसा. सुराआधी श्वास ऐकू यायचा, सूर संपल्यावरही थोडा श्वास मागे रेंगाळायचा. बाहेर रिसेप्शनवर उज्वला डबा उघडता उघडता थांबली.

"छान," हर्षाली म्हणाली. मग घाईने, "म्हणजे दात. दात छान बसलाय."

वाल्मीक हसला. "हे काहीच नाही. तुम्ही रंगनाथ मास्तरांना ऐकायला हवं होतं."

मग त्याने सांगितलं. रंगनाथ मास्तर घोटीचेच. तरुणपणी मुंबईला गेले, मोठ्या हॉटेलातल्या बँडमध्ये जॅझ वाजवायला शिकले. ठरलेली चाल एकदा वाजवायची, मग तिच्यातून बाहेर पडून आपल्या मनाने हिंडायचं, पण परतीची वाट विसरायची नाही. पुढे सिनेमाच्या गाण्यांत मागच्या रांगेत बसले. नाव कुठेच छापून आलं नाही. हॉटेलातले बँड बंद पडले तसे ते गावी परतले आणि लग्नात वाजवू लागले. तिथे लोकांना हवा होता कर्कश बाजा. मास्तर मात्र आपलं सावकाश, तालाच्या जरा मागून, रमतगमत. लोक ओरडायचे, 'मास्तर, नाचायचं वाजवा!'

"आमची गिरणी बंद झाली, की ते रियाजाला यायचे. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आवाज घुमत नाही, नीट ऐकू येतो. मी तिथेच शिकलो. गेल्या दिवाळीनंतर ते गेले, हा टेनर माझ्याकडे ठेवून. रविवारी वर्ष होतंय." त्याने पेटीची कडी लावली. "तुमच्या नाशकात त्यांना एकदा तरी नीट, खुर्च्यांवर बसून ऐकायला हवं होतं लोकांनी. त्यांना तर आता नाही येणार... मला जमेल तेवढं मी वाजवणार. हॉल घेतलाय. याल?"

"दात बघायला यावंच लागेल," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तो दात दाखवायला पुन्हा आला. मग पुन्हा.

"आज काय झालं?"

"नीट बसला नाही असं वाटतंय."

"बसलाय."

"मग... मी बसू का जरा?"

उज्वलाने न विचारताच दोन चहा सांगितले. तो गिरणीतल्या गमती सांगत राहिला. तो गेला, तरी नव्या तांदळाचा मंद वास खोलीत मागे राहायचा आणि हर्षाली पुढच्या पेशंटला दोनदा "आ करा" म्हणायची.

देवळ्याहून आईचा फोन आला. "रविवारे पाहुणा येणार शे. पोऱ्या चांगला शे, हर्षू. इंजिनीअर शे."

"पुढच्या रविवारी बघू, आई. या रविवारी एका पेशंटचं वाजवणं आहे."

"दातना डॉक्टरले वाजवणं काबर?"

काबर? कशाला? ते आईला सांगण्याआधी हर्षालीला स्वतःला सांगायला हवं होतं.

रविवारी सकाळपासून अवकाळीने झोडपायला सुरुवात केली. ऐन नोव्हेंबरात. हर्षाली हॉलवर पोचली तेव्हा खुर्च्या रांगेत मांडलेल्या होत्या आणि त्यांवर कुणीही नव्हतं. एकटी उज्वला मागे बसून भजी खात होती. नाशिककर पावसाला घाबरून घरी बसले होते. घोटीहून मास्तरांच्या बायकोला म्हणजे कुसाबाईंना आणि गावकऱ्यांना घेऊन टेम्पो येणार होता, त्याचाही पत्ता नव्हता.

वाल्मीकने फोन ठेवला. "कुणी येत नाहीये. सोंगलेला, कापून ठेवलेला भात शेतात आडवा पडलाय, भिजतोय. सगळे तो उचलायला धावलेत. टेम्पोही त्यातच." तो सॅक्सोफोन परत पेटीत ठेवू लागला. "जाऊ दे. मास्तरांच्या वाट्याला असंच यायचं. कुणाची चूक पण नसते हो. नेहमी काहीतरी जास्त महत्त्वाचं निघतं."

त्याचा पडलेला चेहरा हर्षालीला बघवेना. "उचललेला भात नेतायत कुठे?"

"आमच्या गिरणीत. तिथली शेड कोरडी आहे."

"म्हणजे ज्यांच्यासमोर वाजवायचं, ती माणसं तुमच्या गिरणीत. आणि तुम्ही इथे खुर्च्यांना ऐकवणार होतात?"

तो पेटी बंद करून उभा राहिला.

"माझी गाडी खाली आहे," ती म्हणाली.

"मी घरी जाते," उज्वला घाईने म्हणाली. "माझे कपडे वाळत घातलेत." एवढ्या पावसात कुठले कपडे, हे कुणीच विचारलं नाही.

महामार्गावर पावसाचा पडदा होता. वायपर धापा टाकत होते. वाडिवऱ्हे मागे पडलं तरी दोघं फारसं बोलले नाहीत. एकदा गिअर बदलताना तिचा हात त्याच्या हाताला लागला. तो लगेच बाजूला झाला नाही, आणि तिनेही...

गिरणीत नुसता गोंधळ माजला होता. भिजल्या पेंढ्यांचे भारे, चिखलाचे पाय, पत्र्यावर तडतडणारा पाऊस. माणसं घामाने आणि पाण्याने निथळत होती. शेवटचा भारा आत आला तेव्हा दिवस कलला होता. आता पाऊस थांबेपर्यंत कुणाला काही करता येणार नव्हतं. लोक मिळेल तिथे टेकले. कुसाबाई एका पोत्यावर बसल्या होत्या – लहानखुऱ्या, पदर घट्ट खोचलेला.

वाल्मीकने पेटी उघडली. "काकू, वाजवू का?"

"इचारतो काय? आज त्यांचा दिस हाय."

मास्तरांची एक चाल त्याने धरली, संथ. सुरुवातीला कुणी तंबाखू मळत होतं, कुणी सदरा पिळत होतं. मग मळणारे हात मंदावले. पत्र्यावरचा पाऊस ताल धरून पुढे पळत होता आणि टेनर त्याच्या मागून, सावकाश, एकेका माणसापाशी थांबत येत होता. कुसाबाईंनी डोळे मिटले. त्यांची मान किंचित हलत होती, पुढचा सूर कुठे वळणार ते त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखी.

भिंतीला टेकलेला म्हातारा बुधा कुणालाच न उद्देशून बोलला, "माझ्या भागीच्या पाठवणीला यानंच वाजवलं व्हतं. रंगनाथनं. लय हळू वाजवायचा. आमाला वाटायचं, येतच नाय त्याला." थोडा वेळ तो ऐकत राहिला. "आजबी हळूच हाय. पन आज घाई नाय कोनाला."

कुसाबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही.

हर्षालीला दाताकडे लक्ष द्यायचं होतं. पण ती बघत होती वाल्मीकचे मिटलेले डोळे, कपाळावरची ओली बट. मग एकाएकी त्याने डोळे उघडले आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. चाल कुठल्या कुठे वळली. पार वर गेली, तिथे जरा थरथरली, आणि हलकेच खाली उतरून पुन्हा घराकडे आली.

सूर थांबला. मग कुणीतरी म्हणालं, "अजून एक," आणि वाल्मीकला पुन्हा पुन्हा वाजवावं लागलं.

पाऊस उघडला तशी सगळी उठली. भारे पसरायला हवे होते. टेम्पोवरून काढलेली ताडपत्री मध्येच पडली होती. कुसाबाईंनी तिचं एक टोक हर्षालीच्या हातात दिलं आणि दुसरं वाल्मीककडे फेकलं. "घडी घाला रे दोघं."

ताडपत्री ताणून दोघं समोरासमोर उभी राहिली, बरीच लांब.

"मध्ये एकदा चुकलात," हर्षाली म्हणाली.

"कधी?"

"माझ्याकडे बघितलंत तेव्हा."

पहिली घडी. तो जवळ आला, तिच्या हातात टोकं देऊन वाकला आणि नवी कडा धरून पुन्हा मागे गेला. "ते चुकणं नव्हतं. तोपर्यंत मास्तरांचं वाजवत होतो. तेवढं एक माझं होतं."

"कुणासाठी?"

दुसरी घडी. आता अंतर बरंच कमी झालं होतं. "डॉक्टर, तुम्हाला कळलंय..."

"कळलंय. पण ऐकायचंय. आणि डॉक्टर नको."

तिसरी घडी. ओल्या ताडपत्रीचा गार वास, मधे जेमतेम हातभर जागा. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हर्षाली... मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. दात बांधून व्हायच्या आधीपासून."

ती हसली. या वेळी मास्क नव्हता, लपवायचंही नव्हतं. शेवटच्या घडीसाठी ती स्वतःच पुढे आली, ताडपत्रीसकट.

"मलाही," ती म्हणाली. "आता हे धर. हात भरून आलेत माझे."

त्याने ताडपत्री धरली, आणि तिचे हातही.