टोरांटो, साडेसात तास

ताडकळसच्या बसस्टँडसमोर माझं एसटी आरक्षणाचं आणि झेरॉक्सचं दुकान. त्या सोमवारी नागसेन आत शिरला तो पावसानं निथळत, आणि मागून छत्री मिटत त्याची आई, सरजाबाई. पोराला टोरांटोच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला. पण आईची एकच अट — पुण्याला जायला लागतो, त्याहून जास्त वेळ लागत असेल तर जायचं नाही.

मोबाइलवरचं तिकीट तिनं माझ्यापुढं धरलं. "रेणुका, बघ गं बाई, खरं किती तास?"

मुंबईहून दुपारी एकला सुटणार, टोरांटोला रात्री साडेआठला पोचणार. आमी एसटीवाले! पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली की झालं.

"साडेसात तास, मावशी. पुण्याच्या गाडीला याहून जास्त लागतात."

सरजाबाई खूश. नागसेन मात्र माझ्याकडं बघून गालात हसला... आणि मी मेली तिथंच विरघळले.

मग महिनाभर तो झेरॉक्सला येत राहिला. एका पानाला अर्धा तास! नाही आला की माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. गाडीचा हॉर्न वाजला की मान वर.

जायच्या चार दिवस आधी त्याचं तिकीट छापताना खाली बारीक अक्षरं दिसली. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, प्रवास सतरा तास. तिथलं घड्याळ आपल्या मागं चालतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! मावशीला सांगावं तर त्याचं जाणं मोडणार. न सांगावं तर... तो जाणार. जीव नुसता टांगणीला लागला.

तेवढ्यात तोच आला. "झालं का तिकीट?"

"आधी मावशीला सतरा तास सांगा. मग देते."

तो हळूच म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"आनि गप बसलात? मला खोटी पाडायलात व्हय?"

"लय जायचं होतं मला... पन तुमी आता कशाला सांगायला लावायलात? मी जाऊ नये म्हणून?"

"हो!... म्हणजे न्हाई! जायचं तर खुशाल जा. आईला फसवून नका जाऊ."

बोलून बसले आणि कान तापले. तो बघतच राहिला.

दोघं तसेच भिजत त्याच्या घरी गेलो. नागसेननं सगळं सांगितलं, तसे सरजाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"सांगितलंस म्हणून धाडते," ती म्हणाली. "पन परतीचं तिकीट आत्ता काढायचं. माझ्या देखत."

मी मोबाइल घेऊन बसले. "तारीख?"

"वैशाखातली कुठलीबी," नागसेन म्हणाला. "तूच ठरव."

तू म्हणाला! "मी कशाला?"

"लग्न काय माझ्या एकट्याचं हाय व्हय?"

सरजाबाई हसली आणि चहा टाकायला उठली. माझी बोटं चालेनात. आठ महिने, बाई गं... एवढे दिवस कसे निघणार होते!

मी वैशाखातली पहिलीच तारीख टाकली. एक दिवस जास्तीचा कोण थांबणार?