तीनशे उघड्या छत्र्या

छत्री कारखान्याच्या मालकाचा फोन आला तेव्हा भाऊजी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. एकाच शब्दापाशी त्यांनी वीस मिनिटं घालवली होती, आणि तो शब्दही त्यांनी चुकीचा लिहिला होता.

वहिनींनी फोन ठेवला आणि पर्स उचलली. "चोरी झालीय. वस्तू नखाएवढी आहे आणि चार वाजायच्या आत हवी आहे."

"हिरा?" भाऊजींनी विचारलं.

"कार्ड. चपला घाला."

वहिनी गावातल्या एकमेव खासगी गुप्तहेर. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच स्वतःला वहिनींचा मदतनीस नेमून टाकलं होतं. त्यांच्यामुळे बाकी सगळेही त्यांना वहिनीच म्हणू लागले, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

दीडच्या सुमाराला दोघं कारखान्यात शिरले आणि भाऊजींची मान वर गेली ती खाली येईना. त्या लांबलचक हॉलच्या छताला तीनशे छत्र्या उघडून टांगल्या होत्या. लाल, पिवळ्या, जांभळ्या, ठिपक्यांच्या, पट्ट्यांच्या. खाली कापड कापायची टेबलं आणि शिलाई मशिनं होती, पण सगळी बंद. कारागीर गटागटाने उभे राहून एकमेकांकडे संशयाने बघत होते.

मालकांच्या शेजारी तिशीतली एक तरुणी उभी होती. गळ्यात जाडजूड गॉगल लटकत होता.

"मला भिंगरी म्हणतात," ती म्हणाली. "मी धंद्यांसाठी ड्रोन उडवते. दारातून आत शिरायचं, माणसांच्या मधून, टेबलांच्या खालून जायचं आणि खिडकीतून बाहेर आकाशात. सगळं एका दमात, मध्ये कुठेही न तोडता. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपणच उडतोय. ड्रोनवर छोटा कॅमेरा असतो, त्यात हे कार्ड. दहाला तालीम केली, अकराला खरं उड्डाण. इतकं छान जमलं म्हणून सांगू. बाबांनी ड्रोन टेबलावर नेऊन ठेवला, मी मालकांशी बोलत राहिले. दहा मिनिटांनी कॅमेरा उघडला तर कार्ड नाही."

"संध्याकाळी प्रदर्शन आहे," मालक म्हणाले. "येणाऱ्यांना डोळ्यांवर गॉगल लावून हे दाखवायचं होतं. आणि या छत्र्या चारच्या ट्रकने तिकडेच जायच्या आहेत. परत टांगायच्या म्हणजे दोन दिवस."

"मग आत्ताच पुन्हा का नाही उडवत?" भाऊजी म्हणाले.

"आणि चोराने पुन्हा कार्ड पळवलं तर? माझ्या हॉलमध्ये चोर आहे, साहेब. तो कोण हे कळल्याशिवाय मी एक मशीन सुरू करणार नाही."

भिंगरी हळूच वहिनींना म्हणाली, "स्वतःच्या नावावरचं हे माझं पहिलं काम आहे. दहा वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत काढली. आज व्हिडिओ दिला नाही तर सोमवारी मान खाली घालून परत तिथेच जावं लागेल."

वहिनी सामानाच्या टेबलाकडे वळल्या. तिथे भिंगरीचे बाबा बसले होते. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. आता मुलीच्या कामात पडेल ती मदत करायचे. त्यांच्यासमोर ड्रोन होता, ताटलीएवढा, पात्यांभोवती कडी असलेला. बाजूला चार्जर, त्यात चार बॅटऱ्या, चारींवर हिरवा दिवा.

"काम संपल्यावर बॅटऱ्यांचं काय करता?" वहिनींनी भिंगरीला विचारलं.

"पेटीत भरतो. चार्जिंग घरी गेल्यावर."

"आणि कार्ड हरवल्यावर काय केलंत?"

"सगळे जमिनीवर रांगत होतो," मालक म्हणाले. "दीड तास. माझे गुडघे विचारू नका."

वहिनींनी पेन टेबलाखाली पाडलं. बाबा ते उचलायला वाकले, डावा हात सदऱ्याच्या खिशावर घट्ट धरून.

"पुन्हा उडवू द्या हो तिला," पेन देताना ते म्हणाले. "वेळ चाललाय."

भिंगरीने गॉगलच्या कडेचं एक कार्ड दाखवलं. "उडवताना ड्रोनसमोरचं सगळं मला या गॉगलमध्ये दिसतं. यातही चित्र उतरतं, पण धुकट. मला वाट दिसण्यापुरतं. लोकांना दाखवण्यासारखं नाही."

"हे कोणी नेलं नाही?"

"नाही. हे तर बाहेरूनच दिसतं. कॅमेऱ्याचं काढायला बारीकशी कडी दाबून झाकण सरकवावं लागतं. पहिल्यांदा मलाच दहा मिनिटं लागली होती."

ते धुकट चित्र सगळ्यांनी पाहिलं. दार, मशिनं, कापडाचे तागे, आणि मध्येच कापायच्या टेबलाशी बसलेली एक बाई, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. भाऊजींचे डोळे चमकले. ती मालकांची थोरली बहीण होती. कारखान्यात सगळे त्यांना अक्का म्हणत, आणि घाबरत.

"हो, उड्डाण संपताच म्हणाले मी, ते काढून टाका म्हणून," अक्कांनी लपवलं नाही. "साठी उलटलीय, डुलकी लागते. ती काय गावाला दाखवायची गोष्ट आहे? त्या घोंघाटाने जाग आली तर मेला नाकासमोर तरंगतोय."

"दहा वाजताही आला होता ना?"

"तेव्हा लाल डोळा मिचकावत आला होता. या वेळी डोळा बंद होता. म्हटलं, चला, जरा सभ्य झाला."

"कार्ड कुठे असतं माहीत होतं?"

"असेल तिच्या त्या चष्म्यात. त्यातूनच बघते ना सगळं?"

भाऊजींनी वहीत लिहिलं : 'अक्का. कारण आहे. रागीट आहे.'

मग फोरमन आला. सडपातळ, शांत माणूस. छत्री उघडल्यावर खटका नीट बसला की नाही हे तो न बघता, नुसत्या कानाने सांगायचा. त्याने परत पाठवलेली छत्री आजवर कोणी चांगली ठरवू शकलं नव्हतं.

"मला नाही आवडलं ते यंत्र," तो म्हणाला. "तालमीत त्याच्या वाऱ्याने सात छत्र्या मिटल्या. मी शिडी लावून परत उघडल्या. पण म्हणून चोरी करीन असा मी नाही."

"अकराला तुम्ही कुठे होतात?"

"दाराशी, स्टुलावर. ड्रोन माझ्या पायांशी ठेवला होता. बाबांनी त्याच्या कॅमेऱ्याच्या डबीवर बोट दाबलं. टिक्. मग ते टेबलाकडे गेले. मग ही भिंगरी आली, सगळ्यांना ओरडून जागेवर बसवलं, गॉगल चढवता चढवता तिनेही बोट दाबलं. टिक्-टिक्-टिक्. आणि उडाला."

"आणि दहाला?"

"दहाला बाबा गाडीतून बॅटऱ्या आणायला गेले होते. हिने एकटीनेच दाबलं. एकदाच टिक् झालं."

"तुमच्या कानांना माझा नमस्कार," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की भाऊजींनी घाईघाईने पानावर 'फोरमन' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

पावणेतीनला वहिनींनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. भाऊजी आधी उभे राहिले. "मंडळी, ज्या व्यक्तीची झोप उघड झाली, तिनेच..."

"खाली बस," अक्का म्हणाल्या. भाऊजी बसले.

"अक्कांनी कार्ड नेलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "त्यांना वाटतं चित्र गॉगलमध्ये असतं. त्यांनी नेलं असतं तर गॉगलचं कार्ड गेलं असतं. ते सहज हाताला लागण्यासारखं होतं, तरी जागेवर राहिलं. कॅमेऱ्याची ती बारीक कडी उघडायची ज्याला सवय आहे, त्याचं हे काम."

भिंगरी गोंधळली. "पण ती सवय फक्त मला आणि..." ती थांबली.

"आता मला सांग, चोर कशासाठी चोरतो? कार्डात काहीतरी आहे म्हणून. मी उलटं विचारलं. त्यात काहीच नसेल तर? तुझ्या कॅमेऱ्याचं बटण एकदा दाबलं की काय होतं?"

"चित्रण सुरू होतं. एक टिक्, आणि लाल दिवा लुकलुकायला लागतो."

"आणि पुन्हा दाबलं की?"

"बंद. तीन वेळा..." भिंगरीचा हात तोंडावर गेला.

"दहाला तू एकटीने दाबलंस, एक टिक् झालं, आणि अक्कांना लाल डोळा दिसला. अकराला बाबांनी दाबलं, एक टिक्. मग घाईत तू दाबलंस, तीन टिक्. मशिनांच्या आवाजात तुला ऐकू आलं नाही, आणि डोळ्यांवर गॉगल चढलेला. अक्कांसमोर ड्रोन आला तेव्हा डोळा बंद होता. तो सभ्य झाला नव्हता, अक्का. तो काहीच टिपत नव्हता."

वहिनींनी चार्जरकडे बोट दाखवलं.

"हे उड्डाणानंतर एकाच माणसाला कळलं, ज्याने ड्रोन उचलून टेबलावर आणला आणि कॅमेऱ्याकडे नजर टाकली. सगळं गाव कार्ड शोधायला रांगत होतं तेव्हा त्याने चार बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. कार्ड सापडेल अशी ज्याला आशा असते तो दुसऱ्या उड्डाणाची तयारी करत नाही. बाबा, डाव्या खिशातलं द्या आता."

बाबांनी कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

भिंगरीने ते लावून पाहिलं. तालमीच्या चित्रणानंतर, ज्यात सात छत्र्या मिटत होत्या, फक्त अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा होता. फोरमनचे गुडघे, स्टुलाचे पाय, आणि शेवटी वरून खाली येणारं तिचं स्वतःचं बोट.

"लोक म्हणाले असते, बटण दाबता येत नाही आणि निघाली धंदा करायला," बाबा म्हणाले. "चोरी झाली म्हटलं की दोष चोराचा. वाटलं, तुला पुन्हा उडवू देतील आणि विषय मिटेल. मग अक्कांचं नाव निघालं. मी सांगणारच होतो, तेवढ्यात यांना फोन गेला."

"बाबा, मला कायम कोण सांगायचं, बटण आपल्या हाताने दाबावं, दुसऱ्यावर विसंबू नये?"

"मीच."

"आणि तुम्हीही विसंबला नाहीत. दोघंही गुणी." तिला हसू फुटलं, आणि डोळे पुसत ती मालकांकडे वळली. "साहेब, चोरी झालेली नाही. चूक माझी आहे. उडवायच्या आधी दिवा बघायला हवा होता, मी बघितला नाही. बाबा, पाटीवर माझं नाव लावायचं असेल तर चूकही माझ्याच नावावर राहू द्या."

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून गेले होते.

"वाऱ्यात उलटलेली छत्री रोज कोणीतरी घेऊन येतं," ते म्हणाले. "हा फोरमन ती सरळ करून देतो. चोरीला गेली म्हणून आम्ही कोणाला सांगत नाही. मशिनं सुरू करा रे."

हॉल एकदम जिवंत झाला. अक्कांनी भाऊजींकडून कंगवा मागून घेतला आणि ताठ बसल्या. फोरमन शिडीवर चढून खटके तपासून आला. भिंगरीने ड्रोन दाराशी ठेवला, बाजूला झाली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही दाबा. मी दिवा बघते."

एक टिक् झालं. लाल दिवा लुकलुकला.

ड्रोन दारातून शिरला, मशिनांवरून घसरला, अक्कांना वळसा घालून टेबलाखालून निघाला आणि रंगांच्या त्या छपराखालून भिरभिरत वर चढला. एकही छत्री मिटली नाही. खिडकीतून तो उन्हात गेला तेव्हा कारागिरांनी काम टाकून टाळ्या वाजवल्या, आणि भाऊजींनी तर दोन्ही हात वर केले, जणू स्वतःच उडवला होता.

मालकांनी गॉगल लावून सगळं पाहिलं. दोनदा त्यांनी वाकून डोकं चुकवलं आणि एकदा कोणाला तरी "सरका" म्हणाले. मग गॉगल काढला तो चेहरा लहान मुलासारखा करूनच.

"माझी तेरा दुकानं आहेत," ते भिंगरीला म्हणाले. "प्रत्येकाचं असंच करून हवं. सोमवारपासून येशील?"

बाबा खाली बघत वायर गुंडाळू लागले. तिच्या पुढच्या कामांत आता आपल्याला जागा नाही, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं.

"येशील नाही, याल म्हणा," भिंगरी म्हणाली. "आम्ही दोघं येऊ."