फुलपात्राचा ठेका

मोताळ्याच्या शाळेत शिकवणाऱ्या शरयूने जे संगीत कधी ऐकलं नव्हतं, त्याचा इतिहास मात्र तिला पाठ होता. युरोपातल्या नव्या अभिजात संगीतावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक तिने पुण्यात शिकताना जुन्या बाजारातून आणलं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाली होती. गावात त्या संगीताची एकही तबकडी नव्हती, असायचं कारणही नव्हतं. ती वाचायची आणि मनात ऐकायचा प्रयत्न करायची. ऐकू काही यायचं नाही.

"स्वयंपाकाचं पुस्तक वाचून पोट भरतं का गं?" तिचे वडील नीळकंठराव म्हणायचे. त्यांनी जन्मभर गावातल्या पोरांना तबला शिकवला होता.

अर्धांगाच्या झटक्यात त्यांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात राहिला. काही हवं असलं की ओसरीवरच्या खाटेवरून ते चमच्याने पितळी फुलपात्रावर ठोके देत. ती हाकही तालात असे. तीनतालाचा ठेका, आणि खालीची मात्रा आली की तेवढी जागा मोकळी सोडायची. शेजारच्या गोजरबाई हसायच्या, "मास्तर पाणीबी वाजवूनच मांगते!"

शरयू त्यांना पुस्तकातलं मराठीत सांगायची. एका सकाळी तिने सांगितलं, की तिकडे काहींनी तालच सोडून दिलाय. एक आवाज, मग वाटेल तेवढी शांतता, मग पुन्हा एखादा. बाबांच्या ओठाचा डावा कोपरा हलला. ते हसले असं तिला वाटलं.

त्याच दुपारी ती आतल्या खोलीत वाचत असताना फुलपात्र वाजलं. एक ठोका. बराच वेळ काही नाही. मग दोन, घाईचे. मग नुसता घासल्याचा आवाज.

ठेका नव्हता. हाक असती तर तालात आली असती. बाबा थट्टा करताहेत, तिला वाटलं, सकाळचं वाजवून दाखवताहेत. तिने डोळे मिटले. इतकी वर्षं नुसतं वाचलेलं तिला पहिल्यांदा ऐकू आलं, आणि ते सुंदर होतं.

मध्येच एकदा तिला शंका आली. तिने पान उलटलं.

शेवटची शांतता फार लांबली.

"तुले आवाज नाही आला काय वं पोरी?" गोजरबाईंनी विचारलं. चमचा खाटेखाली पडला होता.

"मी मागे आडावर होते," शरयू म्हणाली.

सुतकात रेडिओवर कापड टाकलेलं होतं. फुलपात्र तिने फडताळात मागे सारलं. पण न्हाणीच्या पत्र्यावर लिंबोळ्या पडू लागल्या. एक पडे. मग बराच वेळ काही नाही. मग दोन, घाईने. मग एखादी घरंगळत जाई. पुढची केव्हा पडणार ते शरयूला आधीच कळे, आणि ती तेव्हाच पडे.

तेरावा झाला. गोजरबाई सूप घेऊन गहू निवडायला येऊन बसल्या. त्यांनीच कापड ओढलं.

"लाव आता तो रेडू. घर कसं मुकं होऊन राह्यलं."

शरयूने बटण फिरवलं. खरखरीतून कुणी परदेशी माणूस नव्या संगीताबद्दल बोलत होता. तिला आनंद झाला, आणि झाल्याची लाज वाटली. माणूस बोलायचा थांबला. केंद्र गेलं असं वाटेपर्यंत शांतता.

एक ठोका. पितळेवर.

बराच वेळ काही नाही.

दोन, घाईचे. मग घासल्याचा आवाज.

गोजरबाईंचा हात सुपात थांबला. "हे तं मास्तराचं भांडं होय."

"विलायतेतलं आहे ते, गोजरबाई."

"मी काय बहिरी आहो? थो माणूस बलावून राह्यला, पोरी. कोनी जात काऊन नाही?"

शरयूचा हात बटणावर होता. तो हलेना.

ठोके अगदी कानाशी वाजत होते. मग एका लांब शांततेत, भिंतीपलीकडून यावा तसा, कागदाचा आवाज आला.

"आन् हे काय वं?" गोजरबाईंनी विचारलं.

आतल्या खोलीत पान उलटलेलं, खाटेवरून इतकं स्पष्ट ऐकू येत होतं.