भिंतीलगतची खुर्ची

त्या काळी वैद्यकीच्या कॉलेजात मुलीला शिकायचं तर एक अट होती: तिच्या शेजारी घरातली वडीलधारी बाई बसलेली हवी. बाई नाही तर तास नाही, परीक्षाही नाही. मुलांना मात्र एकेकट्यानं बसून बिघडायची मोकळीक होती.

साऱ्या वर्गात मुलगी एकच. घरी तिला ठिणगी म्हणत. तिच्यासोबत मावशी यायची आणि भिंतीलगतच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसून लोकर विणायची. हाडांची नावं सुरू झाली की मावशी घोरायला लागे आणि मागच्या बाकावरची मुलं त्या घोरण्यावर ताल धरत. मावशीची तक्रार एकच. "ही खुर्ची कधी गार नसते गं. मी बसायच्या आधीच कुणीतरी उबवून ठेवल्यासारखी."

"तुझ्या घोरण्यानं तापली असेल," ठिणगी म्हणायची.

नेमकी तोंडी परीक्षेच्या दिवशी मावशी तापानं आडवी झाली. "पुढच्या वर्षी दे की," कूस बदलत ती म्हणाली. "लग्न झालं म्हणजे तसंही..."

पुढचं ऐकायला ठिणगी थांबली नाही. वर्षभर घोकलेलं मावशीच्या तापापायी वाया घालवायचं? गयावया करीन, भांडेन, पण परीक्षा देईन, असं ठरवून ती भर दुपारी कॉलेजात पोचली.

भांडायची वेळच आली नाही. ती वर्गाच्या दारातून आत शिरली, तसे सर खुर्चीतून अर्धवट उठले आणि तिच्या मागे पाहून अदबीनं म्हणाले, "या, बसा. आज मावशी नाहीत वाटतं? ह्या कोण?"

ठिणगीनं मागे पाहिलं. दारात उन्हाचा पट्टा होता, दुसरं काही नाही. सर म्हातारे, चष्म्याची भिंगं जाड. त्यांच्या नजरेचा हा घोटाळा अगदी वेळेवर तिच्या मदतीला धावून आला.

"आजी," ती बेधडक म्हणाली. "माझ्या आजी आहेत."

परीक्षा सुरू झाली. मनगट, बरगड्या, कणा. ती धडाधड सांगत गेली. मध्येच पेटीत वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या लोकरीचा वास आला. मग भिंतीकडून टिक्... टिक्... विणायच्या सुया एकमेकींवर घासल्याचा आवाज. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. खुर्ची रिकामी. सर मात्र मधूनमधून तिकडे बघून मान डोलवत होते, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी.

"उत्तम," शेवटी ते म्हणाले. "एवढी तयारी वर्गातल्या एकाही मुलाची नव्हती. म्हणूनच वाईट वाटतं."

"कशाचं?"

"आजी म्हणतायत, आजचा दिवस शेवटचा. उद्यापासून तुम्हाला पाठवणार नाहीत." त्यांनी चष्मा पुसला. "घरच्या वडीलधाऱ्यांनी नको म्हटल्यावर आमचा इलाज नाही. तुमचं नाव काढावं लागेल."

ठिणगी कात्रीत सापडली. ह्या माझ्या कुणी नाहीत म्हणावं, तर सोबतीशिवाय परीक्षा दिली म्हणून आजच हाकलतील. आजी म्हणावं, तर आजींचा शब्द खरा. आणि मग भीतीच्या आधी तिला राग आला. घरातले कमी पडले म्हणून ही आणखी एक!

"आजींचं वय झालंय, सर. बोलतात आणि विसरतात," ती म्हणाली. "मी येणार. रोज येणार. विचारा त्यांना."

सुया थांबल्या.

सर खुर्चीकडे पाहत राहिले. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. "बरं..." ते पुटपुटले. "त्यांची हरकत नाही. फक्त... त्या म्हणतायत, मग मीही रोज येईन. हिच्याबरोबरच राहीन..."

नाव राहिलं. ठिणगी ताठ मानेनं बाहेर पडली आणि रस्ताभर एकदाही मागं वळली नाही. वळून बघायचं काय, कुणी नव्हतंच.

मावशीचा ताप उतरला होता. तिनं दार उघडलं, ठिणगीला आत घेतलं आणि दार तसंच धरून उभी राहिली. मग जरा बाजूला सरकली.

"या ना, आत या," ती उंबऱ्याकडे बघून म्हणाली. "अगं, बघत काय बसलीस? त्यांना खुर्ची दे."

कोपऱ्यात एक खुर्ची होती. मोडकी म्हणून तिच्यावर कुणीच बसत नसे. ठिणगीनं ती ओढायला हात घातला.

खुर्ची उबदार होती.