हळू रेसवरची शिट्टी

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. लावा पैज.

मी थापाड्या आहे, हे बंदराचा सगळा धक्का सांगेल. पण ही थाप नाही. हे सांगताना वहिनी समोरच भाजी चिरत बसलीये. तिच्यासमोर खोटं बोलायची माझी टाप नाही.

रात्रबित्र नव्हती. भरदुपार होती. आणि समुद्रावर धुकं... असं दाट, की स्वतःच्या बोटीचं नाक दिसेना.

ट्रॉलरवर आम्ही तिघं. मी सुकाणूच्या चाकावर, खाली इंजिनपाशी मिस्त्री, आणि मागे जाळं ओढायला दादा. माझा सख्खा थोरला भाऊ. वहिनीचा नवरा.

मी सहज मागे वळून पाहिलं.

दादा नव्हता.

त्याचा एक गमबूट होता... उभा.

दोरीला खुणेचा तरंगता बोया बांधून जाळं तिथेच सोडलं. बोट वळवली आणि रेस अगदी खाली आणली. इंजिन बोंबलत असेल, तर दादाची हाक ऐकू येणार कशी?

बऱ्याच वेळाने मिस्त्री वर आला. "किती रांगायचं असं?"

"दादा सापडेपर्यंत."

"अरे बाबा, टर्बोचं इंजिन आहे, त्यात म्हातारं. असं रांगवलं की डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते. धुराडं बघ, काळं तेल ओघळतंय. थोडा वेळ दाबून रेस दे, घसा मोकळा होऊ दे त्याचा. नाहीतर आपणही इथेच."

"आणि नेमकी तेव्हाच त्याने हाक मारली तर?"

मिस्त्री कठड्याशी जाऊन धुक्यात कान देऊन उभा राहिला.

आणि मग...

शिट्टी.

बारीक. लांबलचक. डावीकडून.

"टर्बो असेल," मी म्हणालो.

मिस्त्रीचं तोंड उतरलं. "हळू रेसवर टर्बो शिट्टी घालत नाही. धुराच्या जोरावर फिरतो तो, तेव्हा एवढा जोरच नसतो त्याच्यात."

तेव्हा मी ओळखली. दादाची शिट्टी! लहानपणी दोन बोटं तोंडात घालून, गल्लीच्या टोकावरून मला जेवायला बोलवायचा. तीच!

चाक डावीकडे फिरवलं. शिट्टी पुढे सरकली.

आम्ही तिच्या मागे गेलो. ती आणखी पुढे... तेवढीच लांब. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

शेवटी मिस्त्रीने मला न विचारता रेस दिली. धुराड्यातून काळा लोट उसळला. इंजिन गरजलं. आता टर्बोने किंचाळायला हवं होतं...

टर्बो गप्प.

"कमी कर!" मी ओरडलो.

रेस उतरली. आणि शिट्टी पुन्हा आली. उजवीकडून.

दिवस मावळेपर्यंत आम्ही तिच्या मागे होतो. मग इंजिन खोकलं. पांढरा धूर सोडला. एक हिसका... आणि बंद.

नुसतं पाणी आपटत होतं.

आणि शिट्टी...

आता पायाखालून येत होती. बंद इंजिनातून.

मिस्त्री फळीवर बसून लेकरासारखा रडला. त्यानंतर तो बोटीवर चढला नाही.

आम्हाला दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. त्यांना आमचा बोया सापडला होता, आम्ही सोडला होता तिथेच. त्याच्या दोरीला दादाचा गळ्यातला रुमाल बांधलेला होता. घट्ट, दुहेरी गाठ मारून. लांबून दिसावा म्हणून बांधतात तसा. आम्ही बोया सोडला, तेव्हा त्यावर काही नव्हतं.

दादा मात्र नव्हता. तो आजवर सापडला नाही.

अजूनही कुणी विचारलं, की मी हेच सांगतो. दादा निरोप घेत होता हो. शिट्टी घालून, आपल्या माणसांचा...

"भावोजी."

वहिनीने विळी बाजूला सारली.

"इतकी वर्षं ऐकतेय, कधी बोलले नाही. ह्यांना शिट्टी कधी येत होती? लहानपणी पडून पुढचे दात गेलेले. तुम्हीच चिडवायचात, दादाच्या तोंडातून नुसता वारा येतो म्हणून. मग त्या दिवशी बोया सोडून तुम्ही कुणाच्या मागे गेलात?"