विहिरीला आलेलं उधाण

आधी तो मोबाईल खिशात घाल, शिवतेज. राजरत्न, तू दात काढू नगो. नाथाजी माझा साडू हाय, आन हे त्यानं माझ्या तोंडावर आईची शप्पत घिऊन सांगितलंय.

पलूसच्या पल्याड त्याच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर हाय. धाकटा भाऊ गुंडा तिथंच पवायला शिकला. ल्हानपणी बैलगाडीखाली त्याच्या डाव्या पायाचा अंगठा गेलेला, तरी गडी माशावाणी पवायचा. पुढं मालाच्या बोटीवर लागला आन समुद्रात बुडाला. देह घावला न्हाई. तवापास्नं दर अवसेला रातच्याला विहीर चढते, म्हणून लोक भ्यायला लागले. गावानं धरलं, बुजवा. आई लीलाबाई रडायची, "माझं लेकरू येतंय. त्याची वाट बुजवू नगा." पर नाथाजीनं गावाला शब्द दिला. सकाळी जेसीबी येनार हुता.

म्हणून गेल्या साली पौषातल्या अवसेला, रातच्याला, तो मोटर काढायला एकलाच गेला. नेव्हीतनं रिटायर झालेला माणूस, भुताला काय भितोय! अवसेला चंद्र आन सूर्य एका वळीत ओढत्यात, म्हणून समुद्राला उधाण येतं. चंद्र पायाखाली गेला तरी उलट्या अंगालाबी पाणी चढतं. हे त्याला पाठ. पर ते समुद्राला. विहिरीला कुठली भरती? कॅनॉल पाझरत असंल म्हणाला. जाऊन बघितला. कॅनॉल कोरडा.

विहिरीत उतरून नट सोडवायला बसला. पाणी पायाला लागलं. एक पायरी वर सरकला. पाणीबी सरकलं... परत सरकला. परत पाणी.

मग मातूर त्याचं टाळकं फिरलं. जागचा हलला न्हाई.

गुडघ्याएवढं... कमरंएवढं...

वठावर थेंब उडाला. खारट.

"गुंडा असशील तर वर चल," म्हणाला. "आई जागी हाय."

...

पाणी थांबलं. मग पहाटंपातुर गुमान उतरत गेलं.

सकाळी जेसीबी आला. नाथाजी वल्ल्या कापडानिशी आडवा उभा ऱ्हायला. म्हणाला, आधी माझ्यावर माती टाका. गावानं लय शिव्या घातल्या. हा हलला न्हाई. विहीर आजबी हाय.

आन घरात, सारवलेल्या भुईवर, उंबऱ्यापास्नं लीलाबाईच्या चुलीपातुर मिठाची पांढरी पावलं वाळली हुती. डाव्याला अंगठा न्हाई...

माघारी गेलेलं एकबी पाऊल न्हाई.